आमच्या वांट्याची प्रत

एखादें जुनें काव्य छापावयाचें झालें तर कोणती पोथी प्रमाण मानावी यावर आमच्यांतील विद्वान् लोक वर्षानुवर्षें भांडतात, आणि तें भांडण योग्यच आहे. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हांपासून तों इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९०९ सालीं आपणांस सांपडलेल्या पोथीवरून निराळी ज्ञानेश्वरी छापली तेथपर्यंत, खरा पाठ कोणता हा प्रश्न मराठी माणसानें कधीं क्षुल्लक मानला नाहीं. त्याच राजवाड्यांनीं १९२६ च्या अखेरीस धुळ्यास देह ठेवला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर या दोन संस्था धुळ्यास जुने कागद व पोथ्या संभाळून आहेत, आणि दोंडाईच्याचा सुशिक्षित मनुष्य जिल्ह्याच्या या ठेव्याचा अभिमान चारचौघांत बोलून दाखवितो. असा हा पाठशुद्धीचा अभिमानी समाज, चित्रपटाची प्रत हातीं आली म्हणजे मात्र एकाएकीं इतका उदार कां होतो, हें आम्हांस कळत नाहीं. चित्र कडेनें कापलेलें असो, रंग उडालेला असो, मूळचे आवाज काढून दुसरे घातलेले असोत, मध्यंतरीं दहा मिनिटें गाळलेलीं असोत; 'चालतें' हा एक शब्द उच्चारून आपण ती पदरांत घेतों. या 'चालतें'विषयीं आज थोडें कठोर लिहावयाचें आहे, आणि उदाहरण म्हणून जपानी ॲनिमे घरोघर ज्या तबकड्यांतून आले त्या तबकड्यांचें घ्यावयाचें आहे.

हें उदाहरण आम्हीं सहज निवडलेलें नाहीं. ॲनिमे म्हणजे पोरांची करमणूक, तींत चांगली प्रत काय आणि वाईट प्रत काय, असें म्हणून हा विषय हंसण्यावारीं नेण्याची आमच्या वर्गाची रीत आहे. परंतु हातानें काढलेल्या चित्रपटांतच प्रतीचा दोष सर्वांत अधिक उघडा पडतो. प्रत्यक्ष माणसांचें चित्र धूसर झालें तरी डोळा तें सांवरून घेतो. पण जेथें सारी कला एका स्वच्छ रेषेंत आणि तिच्या आंत भरलेल्या एकसारख्या रंगांत सांठविली आहे, तेथें रेषेला पिसें फुटलीं व रंगावर पट्टे उमटले कीं मूळ कृति उरतच नाहीं. शिवाय तोच चित्रपट टोकियोस एका गुणाचा, न्यू यॉर्कला दुसऱ्या गुणाचा आणि खानदेशांत तिसऱ्या गुणाचा मिळतो, ही गोष्ट येथें नुसती तक्रार म्हणून नव्हे, तर मोजून दाखवितां येते.

आणि या कलेंतील एक कृति तर निम्मी आपल्या घरचीच आहे. १९८३ सालीं युगो साको हे जपानी गृहस्थ अलाहाबादेजवळील उत्खननावर माहितीपट करण्यासाठीं भारतांत आले आणि रामकथेचा ध्यास घेऊन परत गेले. आपल्याकडील राम मोहन व जपानचे कोइची सासाकी यांस बरोबर घेऊन 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट त्यांनीं १९९२ सालीं पुरा केला. संगीत वनराज भाटिया यांचें. संवाद इंग्रजी, पण गीतें संस्कृत. लांबी १३५ मिनिटें. जानेवारी १९९३ मध्यें दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत तो दाखविला गेला. परंतु अयोध्येच्या घटनेस तेव्हां महिना-दीड महिनाच झाला होता, आणि असल्या चित्रपटास चित्रगृहें उघडीं मिळावीं असे ते दिवस नव्हते. पुढें त्याची हिंदी आवृत्ति झाली. तींत रामास अरुण गोविल यांचा, रावणास अमरीश पुरी यांचा आणि निवेदनास शत्रुघ्न सिन्हा यांचा आवाज मिळाला, आणि दूरचित्रवाणीवरून ती पुनः पुनः दाखविली गेल्यानें एका सबंध पिढीच्या मनांत रामाचें रूप म्हणून हेंच रूप बसलें. अमेरिकेस हीच कृति निराळ्या नांवानें गेली. तेथें लांबी कापली, नवें संगीत घातलें आणि जेम्स अर्ल जोन्स या नामांकित नटाचें निवेदन जोडलें. म्हणजे तीस वर्षांच्या आंत एका चित्रपटाच्या तीन संहिता झाल्या. पोथ्यांच्या बाबतींत असें घडलें असतें तर आपण तीन पंथ काढले असते!

त्या हिंदी आवृत्तीची व्हीसीडी आम्हीं धुळ्याच्या बाजारांत घेतली, त्यास आतां वीस वर्षें होत आलीं. विकणाराचें नांव घेण्याचें कारण नाहीं; तसल्या तबकड्या तेव्हां प्रत्येक बसस्थानकाबाहेर उघड्यावर मांडलेल्या असत. दोन तबकड्यांची ती जोडी दोंडाईच्यास आणून घरांतील सर्व मंडळींनीं रविवारीं दुपारीं लावली. पहिली गोष्ट अशी दिसली कीं पडदा चौकोनी करण्याच्या खटाटोपांत दोन्ही बाजू छाटल्या गेल्या होत्या, आणि रामाशेजारीं चालणारा लक्ष्मण पुष्कळ वेळ खांद्यापुरताच दिसत होता. युद्ध सुरू झालें, बाण सुटूं लागले, तोंच चित्राचे चौकोनी ठोकळे पडले. लंकेवरील रात्रीचा निळा रंग तर पायऱ्यापायऱ्यांचा झाला, जणूं कोणी रंगाच्या वड्या थापून ठेविल्या आहेत. पहिली तबकडी एका वाक्याच्या मध्येंच संपली आणि दुसरी मागील कांहीं मिनिटें पुनः उगाळून सुरू झाली. आमच्या मातोश्रींस त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. त्यांनीं प्रभूस हात जोडले. आम्हींही त्या दिवशीं 'चालतें' असेंच म्हटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

हा केवळ त्या एका विक्रेत्याचा दोष नव्हता. व्हीसीडी या प्रकाराचीच धांव तेवढी. तिच्या चौकटींत आडवे ३५२ व उभे २८८ ठिपके बसतात, म्हणजे सर्व मिळून एक लक्षाच्या आसपास. डीव्हीडींत हेच आंकडे ७२० व ५७६ असे आहेत, म्हणजे ठिपके चार लक्षांहून अधिक. आणि ब्लू-रेंत १९२० व १०८० म्हणजे वीस लक्षांच्या वर. जपानचा रसिक ज्या चित्राकडे वीस लक्ष ठिपक्यांतून पाहूं शकत होता, त्याचा विसावा हिस्सा खानदेशाच्या पदरीं पडला. व्हीसीडींत तळाशीं अक्षरें हवीं तेव्हां आणण्याची व नको तेव्हां घालविण्याची सोय नाहीं. भाषा निवडण्याची म्हणावी तशी सोय नाहीं. एका तबकडींत सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावतो, म्हणून चित्रपटाचे दोन तुकडे करावे लागतात. हें सर्व पाश्चात्त्य देशांस ठाऊक होतें आणि त्यांनीं ती तबकडी आपल्या घरांत फारशी येऊंच दिली नाहीं. ती आशियाच्या बाजारांत खपली.

डीव्हीडी आली तेव्हां आपली स्थिति सुधारेल असें वाटलें होतें. परंतु तिच्याबरोबर जगाची एक नवीन वांटणीही आली. तबकड्या विकणारांनीं पृथ्वीचे सहा विभाग पाडले : पहिल्यांत अमेरिका व कानडा, दुसऱ्यांत युरोप आणि जपान, तिसऱ्यांत आग्नेय आशिया, चौथ्यांत दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया, सहावा एकटा चीन, आणि पांचव्यांत रशिया, आफ्रिकेचा बहुतेक भाग व आपण. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रांत चालूं नये अशी त्यांत योजना. आमच्या एका भाच्यानें अमेरिकेहून येतांना एका जपानी चित्रपटाची डीव्हीडी आणली. तींत मूळ जपानी आवाज होता, इंग्रजी आवाज होता, अक्षरें होतीं, चित्र कडांसह सबंध होतें; आणि आमच्या दोंडाईच्याच्या यंत्रानें तिचें तोंडही पाहण्यास नकार दिला. 'विभाग चुकीचा आहे' एवढें एक वाक्य पडद्यावर आलें. चुकीचा विभाग तबकडीचा कीं आमचा, याचा खुलासा त्यांत नव्हता. दुकानदारानें मग त्या यंत्रास कांहीं आंकडे देऊन तें कुलूप काढून दिलें. कायद्यास तें कितपत धरून होतें हें वकिलांनीं सांगावें.

येथें एक बारीक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चित्रपट सेकंदास २४ चित्रांच्या चालीनें चालतो; आपल्या आणि युरोपच्या दूरचित्रवाणीची चाल मात्र २५ चित्रांची. तबकडी करणारे पुष्कळदां हा हिशेब नीट न जुळवितां चित्रपटच किंचित् वेगानें पळवीत. तसें केलें म्हणजे १३५ मिनिटांचा चित्रपट सुमारें साडेपांच मिनिटें आधीं संपतो आणि प्रत्येक पात्राचा आवाज मुळापेक्षां बारीक होतो. ज्यास गाण्याचा कान आहे त्यास हें ताबडतोब कळतें. आमच्याकडे पट्टी अर्ध्या सुरानें चढली तर मैफलींतून उठून जाणारे लोक आहेत. त्यांच्याच दिवाणखान्यांत हीं चढ्या पट्टीचीं पात्रें वर्षानुवर्षें बोलत आलीं आणि कोणी हूं कीं चूं केलें नाहीं.

आतां कोणी म्हणतील कीं हा सर्व परकीयांचा पक्षपात आहे. गोऱ्यांस आणि जपान्यांस उत्तम प्रत, व काळ्यांस उरलेली. हा युक्तिवाद टाळ्या मिळविणारा आहे, पण तो खरा नाहीं, आणि आमचें भांडण मुख्यतः या आळशी समजुतीशींच आहे. हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' हा चित्रपट २००१ सालचा. बर्लिनचें सुवर्ण अस्वल आणि पुढें ऑस्कर त्यास मिळालें. त्याची डीव्हीडी २००२ सालीं खुद्द जपानांत निघाली तेव्हां सबंध चित्रावर तांबूस झांक होती. म्हणजे मूळच्याच देशास वाईट प्रत मिळाली! मग तेथील लोकांनीं काय केलें? 'चालतें' म्हटलें नाहीं. क्योटोच्या न्यायालयांत विकणाऱ्या कंपनीवर फिर्याद झाली. तिचा शेवट २००४ सालीं आपसांतील तडजोडींत झाला. परंतु पुढें २०१४ सालीं ब्लू-रे निघाली तींत ती तांबूस झांक नव्हती.

अमेरिकेंतील रसिकांचीही तीच तऱ्हा. 'पर्सोना ४' या मालिकेची ब्लू-रे तेथें निघाली तींतून मूळ जपानी आवाजच काढून टाकलेला होता. कारण मोठें मासलेवाईक आहे. डीव्हीडीच्या वांटणींत जपान आणि अमेरिका निराळ्या विभागांत होते. ब्लू-रेच्या वांटणींत ते एकाच विभागांत आले. जपानांत तबकड्या फार महाग. तेव्हां अमेरिकेंतील स्वस्त तबकडी जपानी गिऱ्हाइकच मागवून घेईल, या धास्तीनें अमेरिकन प्रतीचें मुद्दाम व्यंग केलें. म्हणजे प्रतीचा गुण कलेवरून ठरत नाहीं, यंत्राच्या शक्तीवरूनही ठरत नाहीं. तो ठरतो विकणारानें त्या त्या प्रदेशाच्या गिऱ्हाइकाविषयीं मनाशीं बांधलेल्या अंदाजावरून. अमेरिकन गिऱ्हाइकांनीं त्यावर उघड आरडाओरड केली. आपल्याविषयींचा अंदाज काय आहे आणि तो खोटा ठरविण्यासाठीं आपण काय केलें, हा प्रश्न आपणच आपणांस विचारावयास हवा.

तबकड्यांचा काळ आतां बहुतेक संपला; चित्र तारेवरून घरांत येतें आणि ठिपक्यांची ती जुनी दरिद्रता राहिली नाहीं. पण म्हणून भेद मिटला असें कोणी समजूं नये. पूर्वीं तो डोळ्यांस दिसत होता, आतां तो कानांस ऐकूं येतो. २४ जानेवारी २०२५ रोजीं तेंच रामायण नव्यानें स्वच्छ करून आपल्या चित्रगृहांत आलें. इंग्रजी, हिंदी, तामिळ व तेलुगू अशा चार भाषांत आलें. मराठींत आलें नाहीं. 'डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' सप्टेंबर २०२५ मध्यें आला, जपानी, इंग्रजी, हिंदी, तामिळ, तेलुगू. पुनः मराठी नाहीं. आतां २०११ च्या जनगणनेचे आंकडे पाहा. मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख; तेलुगू ८ कोटी ११ लाख; तामिळ ६ कोटी ९० लाख. संख्येच्या बळावर वांटणी होत असती तर तेलुगू व तामिळ यांच्या आधीं आपला नंबर लागावयास हवा होता. ऑक्टोबर २०२४ मध्यें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वांटले. चारच महिन्यांच्या आंत जपान्यांनीं काढलेला राम या देशाच्या चार भाषांतून बोलला आणि अभिजात मराठींत त्याला एक शब्द उच्चारतां आला नाहीं.

असें कां व्हावें? विकणाऱ्याचें उत्तर अगदीं सरळ आहे : मराठी माणसास हिंदी चालतें. तामिळ माणसास चालत नाहीं, म्हणून त्यास तामिळ प्रत मिळते. आमच्या गल्लींतील पांच-सहा वर्षांचीं मुलें घरांत अहिराणी बोलतात, शाळेंत मराठी शिकतात, आणि खेळतांना भांडण जुंपलें म्हणजे 'डोरेमॉन'च्या हिंदींत एकमेकांस दटावितात. त्यांच्या आईबापांस याचें कौतुक वाटतें. जे अधिक शिकलेले आहेत त्यांची मुलें इंग्रजी आवृत्ति पाहतात व त्यांच्या आईबापांस त्याहून अधिक कौतुक वाटतें. मग मराठी प्रत मागणार कोण? ज्यांनीं ती मागावयाची त्या वर्गानें, म्हणजे आपण मासिकें वाचणाऱ्या मंडळींनींच, तिची गरज नसल्याचा दाखला आपल्या सहीनिशीं दिलेला आहे.

आमच्या एका सहकाऱ्यांचें म्हणणें असें कीं हलकी प्रत स्वस्त असते आणि गरिबाच्या घरीं कांहींच न येण्यापेक्षां ती आलेली बरी. या म्हणण्यांत तथ्य आहे आणि तें आम्ही टाळीत नाहीं. धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवर मालेगांव आहे. तेथील नासीर शेख यांनीं २००० सालीं 'मालेगांव के शोले' काढला तो आमच्या या निंदित व्हिडिओच्या जगांतच. मोठ्या भांडवलाच्या यंत्रसामग्रीची वाट पाहत ते बसले असते तर तो चित्रपट झालाच नसता. अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी नाटुकल्यांच्या तबकड्या खानदेशच्या बाजारांत ढिगानें खपल्या. एरवीं ज्या भाषेस पडद्यावर कोणी उभें केलें नसतें, तिला त्या हलक्या तबकडीनें आवाज दिला. परंतु ज्यानें आपल्या तुटपुंज्या साधनांनीं स्वतःची कृति केली त्याचें हलकेंपण आणि ज्याच्याजवळ उत्तम प्रत तयार आहे त्यानें आपल्या वांट्यास मुद्दाम दिलेलें हलकेंपण, या दोन गोष्टी एका तराजूंत घालूं नयेत. शिवाय महाग घेण्यास कोणी तयार असता तरी मराठी प्रत त्यास कोणत्या दुकानांत मिळाली असती? स्वस्त आणि महाग यांत निवड करण्याची पाळीच आपणांवर कधीं आली नाहीं.

अहिराणीचें नांव निघालें म्हणून एक कबुली देणें भाग आहे. हिंदीनें आम्हांस जें केलें तेंच आम्हीं मराठीवाल्यांनीं अहिराणीस केलें आहे. 'त्यांना मराठी समजतें कीं!' हें वाक्य आम्हीं स्वतः वर्गांत अनेक वेळां उच्चारलें आहे. मुंबईच्या कचेरींत बसून कोणी 'त्यांना हिंदी समजतें कीं!' असें म्हणाला तर त्याच्यावर रागावण्याचा आमचा अधिकार तितका कमी होतो, हें खरें. पण म्हणून आमचें म्हणणें खोटें ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप पोरखेळाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कोबे शहरांत भुकेनें मरणाऱ्या दोन भावंडांची कथा सांगणारा इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' हा १९८८ सालचा चित्रपट एकदां डोळे उघडे ठेवून पाहावा आणि मग तो पोरखेळ आहे असें ज्यास म्हणवेल त्यानें खुशाल म्हणावें. आमच्यानें तर हें तोंडांतून निघणार नाहीं.

आणि समजा, हें सारें केवळ मुलांसाठीं आहे. तर मग मुलांस हलकें कां द्यावें? शाळेच्या क्रमिक पुस्तकांत एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर वर्तमानपत्रांत पत्रें धाडणारे पालक, मुलाच्या पुढ्यांत कडा छाटलेलें चित्र ठेवतांना स्वस्थ असतात. आमचीं मासिकें पुस्तकांची परीक्षणें छापतात त्यांत कागद, छपाई, बांधणी व मुद्रणदोष यांचा हिशेब दिलेला असतो. चित्रपटाच्या परीक्षणांत तो कोणत्या प्रतीवरून पाहिला, कोणत्या भाषेंत ऐकला, लांबी पुरी होती कीं नाहीं, याचा उल्लेख आम्हीं आजपर्यंत तरी वाचलेला नाहीं. परीक्षकच जेथें पाठ विचारीत नाहीं तेथें दुकानदारानें कां विचारावा?

नवी प्रत आली तेव्हां आम्ही मुद्दाम नाशिकास जाऊन ती पाहिली. व्हीसीडींत खांद्यापुरता उरलेला लक्ष्मण येथें सबंध होता. लंकेवरील रात्र एकसंध निळी होती. वानरसेनेंतील मागल्या रांगेच्या चेहऱ्यांवरही भाव काढलेले आहेत हें आम्हांस इतक्या वर्षांनीं प्रथमच कळलें. हिंदी आवाज मात्र नवे होते. अमरीश पुरींचा तो रावण गेला होता, आणि आमच्या शेजारीं बसलेला एक पस्तिशीचा गृहस्थ आपल्या लहान मुलास हळूच सांगत होता कीं खरा रावण असा बोलत नसे. त्याला आपला पाठ ठाऊक होता. बाहेर पडतांना आम्हीं तिकिटांच्या खिडकीशीं उभे राहून याची मराठी प्रत आहे काय म्हणून विचारलें. तेथील तरुण मराठीच होता. क्षणभर आमच्याकडे पाहून तो म्हणाला, "नाहीं सर. आणि खरें सांगूं, आजवर कोणी विचारलेंही नाहीं." मग मागें रांग वाढली म्हणून त्यानें आम्हांस बाजूस होण्याची विनंति केली, आणि आम्ही दोंडाईच्याची बस गांठण्यासाठीं निघालों.